पाकटाचा काटा, जेलीफिशचा डंख : आधी गरम पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमचं मंडळ दरवर्षी गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला जातं. मूर्तीबरोबर आमची बरीच पोरं छातीभर पाण्यात उतरतात. दिवाळीत घरची सगळी मंडळी तारकर्लीला जाणार आहोत. जेलीफिश आणि स्टिंग रे यांच्यापासून कसं सांभाळायचं, आणि डंख बसलाच तर काय करायचं? कोणी बर्फ सांगतं, कोणी व्हिनेगर, कोणी चक्क लघवी. वडिलांना पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, त्यांनी पाण्यात पाय घालावा की नाही?"

तातडीचं उत्तर आधी देतो. पाकटाचा, म्हणजे स्टिंग रेचा काटा लागला असेल किंवा निळ्या फुग्याच्या जेलीफिशचा डंख बसला असेल, तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा (जेलीफिशचे चिकटलेले तंतू मात्र आधी समुद्राच्या पाण्याने काढून). पाकटाच्या काट्याला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत, जेलीफिशला वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत. बर्फाचं पाणी नको, लघवी नको, चुना-हळद-कॉफी नको, आणि साप चावल्यासारखी वर दोरी आवळून बांधणं तर मुळीच नको. मात्र धाप लागली, छातीत दुखायला लागलं, ओठ-जीभ सुजली, माणूस घामाघूम होऊन कोसळला, किंवा काटा छाती, पोट, मान, जांघ यांपैकी कुठे घुसला असेल, तर गरम पाण्याच्या खटपटीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

आता सविस्तर. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत दवाखाना चालवतो. माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक, रापण (किनाऱ्यावर ओढून घ्यायचं मोठं जाळं) ओढणारे आणि जाळी झाडणारे इथले मच्छीमार. दुसरे, पुण्या-कोल्हापूरकडून सुट्टीत आलेले पर्यटक. मच्छीमाराला काय लागलं ते नेमकं माहीत असतं, पण तो दवाखान्यात उशिरा येतो. पर्यटक लगेच येतो, पण "काहीतरी चावलं" यापलीकडे त्याला सांगता येत नाही. दोघांचंही नुकसान बहुतेक वेळा विषाने होत नाही, तर पहिल्या तासात केलेल्या चुकीच्या उपायांनी आणि पाकटाच्या जखमेकडे पुढच्या आठवड्यात झालेल्या दुर्लक्षाने होतं.

पाकटापासून सुरू करतो, कारण त्यात जास्त धोका आहे. मुंबईकडचे कोळी त्याला पाकट म्हणतात, आमच्याकडे वागळी. हा मासा चावत नाही आणि कोणाच्या अंगावरही येत नाही. उथळ पाण्यात वाळूवर किंवा चिखलावर पसरून, अंगावर थोडी वाळू उडवून घेऊन तो पडून असतो. फक्त डोळे वर. त्याच्या पाठीवर पाय पडला की शेपटी वर उसळते आणि शेपटीवरचा काटा घोट्यात, टाचेजवळ किंवा पावलाच्या वरच्या बाजूला घुसतो. काटा चपटा आणि हाडासारखा कठीण असतो. दोन्ही कडांना दाते असतात आणि ते उलटे, मुळाकडे वळलेले असतात. त्यामुळे आत जाताना तो सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. काट्यावर पातळ कातडीचं आवरण असतं आणि त्याखालच्या खाचांमध्ये विष तयार करणाऱ्या पेशी असतात. काटा घुसला की आवरण फाटतं, विष जखमेत उतरतं आणि पुष्कळदा आवरणाचे तुकडेही आत राहून जातात.

म्हणजे पाकटाचा काटा लागला की एकाच वेळी तीन गोष्टी होतात : विषबाधा, खोल फाटलेली जखम, आणि त्या जखमेत शिरलेली घाण. लोक पहिलीलाच घाबरतात. गरम पाण्याने वेदना उतरली की सगळं संपलं असं समजून पुढच्या दोन गोष्टी विसरतात.

वेदना मात्र खरोखर भयंकर असते. जखम बोटाच्या पेराएवढी दिसते आणि आडदांड माणूस लहान मुलासारखा रडतो. पहिल्या अर्ध्या ते दीड तासात ती चढत जाते, पायातून मांडीपर्यंत सरकते, आणि काही केलं नाही तर दोन दिवससुद्धा राहू शकते. रापणीवरून आणलेला एक तरणा मुलगा मला सांगत होता, "डॉक्टर, पाय तोडून टाका, पण ह्यां दुखणां थांबवा." घोट्याच्या आतल्या बाजूला जेमतेम दोन सेंटिमीटरची चीर, कडा निळसर-पांढुरक्या पडलेल्या, भोवती सूज. सोबतच्यांनी पोटरीवर टॉवेल करकचून बांधला होता, तो आधी सोडला. जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुतली, वर दिसत होती ती काळपट चिकट झिल्ली चिमट्याने काढली आणि पाय बादलीत ठेवला. पहिली पाच मिनिटं काही फरक नव्हता. पाणी निवलं तसा त्याला पाय बाहेर काढायला लावून नवं गरम ओतलं. हळूहळू त्याने दात खाणं थांबवलं, मग खांदे सैल सोडले, आणि थोड्या वेळाने तो सोबतच्यांना जाळ्याचं पुढे काय झालं ते विचारू लागला. पाय बाहेर काढला की कळ परत येत होती, म्हणून तासाभराच्या वर तो बादलीतच ठेवला. मग एक्स-रे काढला. त्यात काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं दिसलं आणि ते काढायला त्याला सर्जनकडे पाठवावं लागलं. दुखणं थांबलं म्हणून तो तसाच घरी गेला असता, तर ती जखम महिनाभर वाहत राहिली असती.

गरम पाणी किती गरम, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण भाजलेले पाय घेऊन येणारेही असतात. मापात सांगायचं तर ४५ अंश सेल्सिअस, त्याच्या वर नाही. पन्नासच्या पुढचं पाणी काही मिनिटांत कातडी भाजतं, आणि दुखण्याच्या भरात माणसाला ते कळत नाही. तापाचा डिजिटल थर्मामीटर साधारण ४२-४३ च्या पुढे मोजत नाही, त्यामुळे तो इथे उपयोगी नाही. मी लोकांना सांगतो ते प्रमाण असं : एक तांब्या उकळतं पाणी आणि तीन तांबे नळाचं साधं पाणी. आपल्याकडच्या हवेत ते पंचेचाळीसच्या आसपास येतं. आधी साधं पाणी ओता, मग उकळतं, हलवा, आणि मगच पाय घाला. पाणी नेहमी दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने किंवा सोबतच्या माणसाने कोपर बुडवून तपासायचं. "कडक आहे, पण पाय ठेवता येतोय" असं वाटलं पाहिजे. दर दहा मिनिटांनी पाणी बदला, आणि उकळतं ओतताना पाय बाहेर. किनाऱ्यावर चहाची टपरी नाही असं ठिकाण आपल्याकडे विरळाच, त्यामुळे गरम पाणी कुठून आणू हा प्रश्न सहसा येत नाही. फक्त मागायचं सुचलं पाहिजे.

हे का चालतं? पाकटाचं विष प्रथिनांचं असतं आणि अंड्यातला पांढरा भाग जसा उष्णतेने बदलतो तशी ही प्रथिनंही उष्णतेने बिघडतात. शिवाय उष्णतेने वेदनेचे संदेशही दबतात. हाच उपाय शिंगाळ्याच्या, म्हणजे समुद्री कॅटफिशच्या काट्यालाही लागू पडतो. जाळं सोडवताना शिंगाळ्याचा काटा हातात गेला तर तो हातही असाच गरम पाण्यात धरा.

काटा बाहेर दिसत असेल तर काढायचा का? पावलात किंवा घोट्यात वरवर अडकलेला, सैल असेल तर काढावा. खोल रुतलेला असेल तर हलू न देता तसाच ठेवून रुग्णालयात जावं. आणि छाती, पोट, मान, जांघ इथला काटा कोणत्याही परिस्थितीत उपसू नये. तो काटाच कधी कधी रक्तवाहिनीचं भोक बुजवून बसलेला असतो. ऑस्ट्रेलियाचे, टीव्हीवरच्या वन्यजीव मालिकांमुळे प्रसिद्ध असलेले स्टीव्ह अर्विन २००६ साली गेले ते छातीत असाच काटा लागून. असे मृत्यू जगात फार विरळा आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याला ती भीती बाळगायचं कारण नाही. पण पाण्यात पोहताना पाकटाच्या अगदी वरून जाऊ नये, एवढं स्कुबा-स्नॉर्केलिंगवाल्यांनी लक्षात ठेवावं. रक्त जास्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. गरम पाणी त्यानंतर.

यापुढचं वाक्य डॉक्टरांसमोर बसल्यावर जसंच्या तसं म्हणा : "समुद्राच्या पाण्यात पाकटाचा काटा लागलाय." नुसतं "काहीतरी टोचलं" म्हणू नका. कारण या एका वाक्याने पुढचे निर्णय बदलतात. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं का ते पाहिलं जातं. आत तुकडा राहिला आहे का, यासाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी होते. खोल जखम लगेच शिवून बंद केली जात नाही, कारण आत कोंडलेली घाण पिकते. आणि प्रतिजैविक निवडताना समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओसारखे जंतू लक्षात घेतले जातात, ज्यांच्यावर नेहमीच्या जखमेची गोळी पुरी पडतेच असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय वरवर लाल होत चालला, ताप आला, रक्ताळ पाण्याचे फोड आले, किंवा उतरलेलं दुखणं पुन्हा चढलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. सकाळपर्यंत थांबू नका.

आता काटा लागूच नये म्हणून. पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका. वाळूवरून पाय घासत, सरकवत पुढे जा. पाकटाला वाळूतला हा हादरा कळतो आणि तो निघून जातो. पायाचं बोट त्याच्या कडेला लागलं तरी तो पळतो. पाठीवर अख्खं वजन पडलं तरच शेपटी उठते. गढूळ पाण्यात, संध्याकाळनंतर, खाडीच्या तोंडाशी हातात काठी घेऊन पुढची वाळू चाचपत चाला. पायात जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट असतील तर चांगलंच, पण काटा पातळ रबरातून आरपार जातो. तेव्हा बूट आहेत म्हणून दाणदाण पाय टाकू नका. आणखी एक गोष्ट पर्यटकांना माहीत नसते. रापण ओढून झाल्यावर मच्छीमार वागळीची शेपटी आधी तोडून टाकतात. जाणते लोक ती पुरतात किंवा लांब टाकतात, पण कधी एखादी वाळूत राहून जाते. मेलेल्या माशाच्या काट्यातही विष असतं. रापण चालू असेल तिथे मासळी बघायला जरूर जा, पण अनवाणी नको, आणि पोरांना शेपटीला हात लावू देऊ नका.

जेलीफिशकडे वळतो. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त त्रास होतो तो पावसाळ्यात येणाऱ्या निळ्या फुग्यांचा, ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात. मुंबईत जुहू, गिरगाव इथे जुलै ते सप्टेंबरच्या काळात ते दिसतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला त्यांनी बऱ्याच जणांना दणका दिला होता. हा जीव खरं तर अनेक लहान जीवांची एकत्र वसाहत आहे. स्वतः पोहत नाही. वर हवा भरलेला निळसर-जांभळट फुगा, त्याला शिडासारखी कड, आणि खाली काही मीटर लांब जाऊ शकणारे निळे तंतू. वारा नेईल तिकडे जातो. म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा चालू आहे आणि भरतीच्या रेषेवर दोन-चार निळे फुगे पडलेले दिसताहेत, म्हणजे पाण्यात अजून आहेत. तेव्हा पाण्यात जाऊ नका. तंतू इतके लांब असतात की फुगा दहा हात लांब दिसतोय म्हणून आपण सुरक्षित, असं होत नाही.

वाळूवर पडलेला, सुकत चाललेला फुगाही डंख करतो. पोरं चपलेने तो फोडून आवाज काढतात आणि तंतू घोट्याला लागतात. दर पावसाळ्यात हे होतं. याचं कारण तंतूंवरच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये आहे. प्रत्येक पिशवीत गुंडाळलेली पोकळ नळी असते आणि स्पर्श झाला की ती सेकंदाच्या अतिशय लहान भागात बाहेर सुटून कातडीत विष सोडते. यासाठी जीव जिवंत असावा लागत नाही. आमच्याकडे सुकलेलं जाळं पुन्हा भिजवल्यावरही हातांना आग होते, ती याचमुळे.

डंख बसला की कातडीवर चाबूक ओढल्यासारखे लाल वळ उठतात, काही ठिकाणी मण्यांच्या माळेसारखे ठिपके. त्या वेळी कातडीला चिकटलेल्या तंतूंवर न फुटलेल्या हजारो पिशव्या अजून शिल्लक असतात. यापुढचं सगळं एकाच हिशेबाने करायचं : त्या फुटू द्यायच्या नाहीत. म्हणून चोळायचं नाही, वाळूने घासायचं नाही, टॉवेलने पुसायचं नाही. गोडं पाणी ओतायचं नाही, कारण खाऱ्या पाण्याची सवय असलेल्या या पिशव्या गोड्या पाण्याने फुटू शकतात. लघवी, दारू, स्पिरिट, लिंबू काहीही नको. लघवीचा सल्ला कुठून कुठे पसरला कोण जाणे, पण तिचा उपयोग नाही आणि तोट्याची शक्यता आहे. समुद्राचंच पाणी भरपूर ओता, चिमट्याने किंवा हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तंतू अलगद उचला, पुन्हा समुद्राचं पाणी ओता. कपड्यांच्या आत तंतू अडकलेले असतात. मुलाची चड्डी, साडीचा ओला काठ, सलवारीचा पाय नीट बघा. त्यानंतर गरम पाणी.

इथे कोणी म्हणेल, गोडं पाणी नको म्हणालात आणि गरम पाणी गोडंच की. बरोबर आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. तंतू आधी समुद्राच्या पाण्याने काढून टाकायचे, मग उष्णता. ब्लू बॉटलच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावरच ९६ जणांवर चाचणी झाली आणि ती २००६ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ४५ अंशांच्या पाण्याने वीस मिनिटांत ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, बर्फाच्या पिशवीने ३३ टक्के लोकांचं. छाती-पाठीवर डंख असेल तर पाय बुडवल्यासारखं बुडवता येत नाही. तेव्हा हॉटेलच्या खोलीतला गरम शॉवर, किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बदलत राहा. गरम पाणी कुठेच मिळणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या साध्या बर्फाचा शेक, कातडी ओली होऊ न देता, दुखणं थोडं बोथट करतो. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय.

व्हिनेगरचं काय? ते चौकोनी, पारदर्शक पेटी जेलीफिशसाठी आहे. घंटेसारख्या अंगाच्या चार कोपऱ्यांतून तंतू निघालेले असतात, ते. त्या पिशव्या व्हिनेगरने निकामी होतात. निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतत राहायचं, मग तंतू काढायचे. ब्लू बॉटलसाठी ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचना व्हिनेगर नको म्हणतात. हवाईमधल्या संशोधकांनी २०१७ साली प्रयोगशाळेत त्याच्या उलट निष्कर्ष काढला. माझं मत सरळ आहे : निळा फुगा दिसला असेल तर समुद्राचं पाणी आणि उष्णता पुरे, व्हिनेगरच्या वाटेला जाऊ नका. काय लागलं ते दिसलंच नाही, दुखणं क्षणात असह्य झालं, वळ रुंद आणि शिडीसारखे आडव्या रेघांचे आहेत, तर पेटी जेलीफिश समजून व्हिनेगर वापरा आणि लगेच रुग्णालय गाठा. त्या जातीच्या डंखाने माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. श्वास थांबला तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, तंतू नंतर. किराणा दुकानातलं साधं पांढरं, ४ टक्क्यांचं व्हिनेगर चालतं.

नाण्याएवढी निळी चकती, भोवती झालर, ती ब्लू बटन. तिने खाज येते, फार काही होत नाही. जाळ्यात येणाऱ्या मोठ्या पांढुरक्या घुमटांच्या जेलीफिशमुळे बहुधा आग आणि पुरळ यावरच निभावतं. पण पावसाळा संपला म्हणजे जेलीफिश संपल्या, असं धरून चालू नका. २०२० च्या नोव्हेंबरात गोव्यात बागा, कांदोळी, सिकेरी आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदच्या वर पर्यटकांना जीवरक्षकांनी जेलीफिशच्या डंखावर प्रथमोपचार केले होते. तुमची दिवाळीची सहल नेमकी याच दिवसांत येते.

डोळ्यात तंतूचा अंश उडाला, म्हणजे जाळं झाडताना होतं तसं किंवा ओल्या हाताने डोळा चोळल्यावर, तर वर सांगितलेलं काहीच करू नका. गरम पाणी नको, व्हिनेगर तर नकोच. सलाइन असेल तर सलाइनने, नसेल तर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. वळ दोन-चार दिवसांत उतरतात, खाज जास्त टिकते. त्यासाठी ॲलर्जीची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम पुरतं. आठवड्याभराने त्याच जागी पुन्हा पुरळ उठलं तर घाबरू नका. शरीराची ती उशिराची प्रतिक्रिया असते. डंखानंतर अर्ध्या तासाने पाठ-पोट-मांड्या वळायला लागल्या, उलट्या झाल्या, जीव घाबरा झाला, तर मात्र कातडीवर काही दिसत नसलं तरी रुग्णालय.

आता तुमचं मंडळ. २०१३ साली दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांचे काटे लागून अनेक भाविकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यानंतर मत्स्यव्यवसाय विभाग आणि महापालिका विसर्जनाच्या आधी सूचना काढतात. त्या वाचा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. उथळ, चिखलवट तळ, गढूळ पाणी, अंधार, अनवाणी पाय आणि डोक्यावर-खांद्यावर वजन. पाकटावर पाय पडायला याहून सोयीची परिस्थिती नाही. माझा आग्रह हा की मूर्ती तराफ्याच्या आणि जीवरक्षकांच्या हवाली करा आणि पोरांना काठावरून निरोप देऊ द्या. भक्तीत त्याने काही उणं पडत नाही. तरी चार-सहा जण उतरणारच असतील तर ते मोठे, शुद्धीत असलेले, पायात गमबूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे घातलेले असावेत. लहान मुलं कोणाच्याही खांद्यावर नकोत. पुढे दोघं जण काठीने तळ चाचपत जातील, मागचे पाय घासत त्यांच्या मागून, त्याच वाटेने. मिरवणुकीच्या टेम्पोत चहाचा मोठा थर्मास असतोच. तसाच दुसरा उकळत्या पाण्याने भरून ठेवा, सोबत साध्या पाण्याचा जार आणि पाय मावेल असा टब. ज्याच्याकडे ही जबाबदारी असेल त्याने पाण्यात उतरायचं नाही. चौपाटीवर वैद्यकीय कक्ष कुठे आहे ते त्याने आल्या आल्या बघून ठेवायचं, कारण त्या गर्दीत रुग्णवाहिकेपर्यंत पोचायलाच वेळ जातो. तोवर पाय टबात असला तर अर्धी लढाई जिंकलेली असते.

तारकर्लीला आल्यावर पाण्यात जाण्याआधी दोन मिनिटं भरतीची रेषा बघत चाला आणि जीवरक्षकांना किंवा होडीवाल्यांना विचारा, "आज जेलीफिश आहे काय?" ते खरं सांगतात. मुलांना पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि लेगिंग घाला. पिशव्यांमधल्या नळ्या फार आखूड असतात, पातळ कापडही बराचसा डंख अडवतं. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे उथळ वाळूच्या पट्ट्यांवर फिरताना पाय घासत चाला. पाण्याच्या ओढीचा अंदाज नसेल तर तिथे उतरूच नका. तिथलं पाणी जेलीफिशपेक्षा जास्त घातक आहे. सामानात एक चिमटा, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, व्हिनेगरची लहान बाटली, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची गोळी ठेवा. जखम वाहत असताना ॲस्पिरिन देऊ नका.

वडिलांबद्दल. पंधरा वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असण्याची बरीच शक्यता असते. अशा माणसाला काटा लागलेला उशिरा कळतो, आणि गरम पाण्याने भाजलेलं तर कळतच नाही. यकृताचा आजार किंवा दारूची जुनी सवय असलेल्यांनाही समुद्री जंतूंचा संसर्ग झपाट्याने चढतो, तीच गोष्ट यांची. म्हणून येण्याआधी डॉक्टरांकडून त्यांच्या तळपायाची तपासणी करून घ्या आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते विचारून ठेवा. पावलावर भेग, फोड, नखाजवळची जखम असेल तर पाण्यात पाय नाही, ओल्या वाळूतही नाही. पाय धड असतील तर दिवसा, स्वच्छ तळ दिसतो अशा पाण्यात, घोट्यापर्यंत, जाड तळव्याच्या बंद बुटांनी, तुमचा हात धरून जरूर जाऊ द्या. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवून, बोटांमधलं कोरडं करून, तळवे तुम्ही स्वतः बघा. काटा लागलाच तर गरम पाणी त्यांच्या पायाने तपासायचं नाही, तुमच्या कोपराने तपासायचं, आणि पंचेचाळीसऐवजी थोडं कोमटच ठेवायचं. मग दुखणं थांबलं तरी, जखम कितीही लहान दिसली तरी, त्याच दिवशी मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे तीन दिवस रोज पाय उजेडात तपासा.